बंब येईपर्यंत

तेरणेच्या विस्तीर्ण जलाशयाकाठी वसलेल्या गावाला आगीची धास्ती ती कसली, असे माकणीस प्रथमच येणाऱ्या परस्थाला वाटणे साहजिक आहे. परंतु निम्न तेरणा प्रकल्पातील पाणी आणि शिवारात पेटलेली सोयाबीनची बनीम यांच्या दरम्यान खाचखळग्यांची पाणंद, डिझेलवाचून पडून असलेला पंप आणि ऐन वेळी न सापडणारा ट्रॅक्टरचालक आडवे येतात, हे ज्याने पाहिले आहे तो धरणाच्या भरवशावर निजत नाही. बंब बाहेरगावाहून यावयाचा, आणि तोवर जे वाचवावयाचे ते गावकऱ्यांनीच. म्हणून ग्रामसुरक्षा दलात नाव घालू इच्छिणाऱ्या तरुणांना चार गोष्टी सांगणे मला अगत्याचे वाटते. जर्मनी, ऑस्ट्रिया यांसारख्या देशांतही खेड्यापाड्यांतील आगी बहुतांशी स्वयंसेवकच विझवितात. मात्र तेथे माणसाला आधी शिक्षण मिळते आणि मग आग, आपल्याकडे क्रम उलटा.

फाल्गुनाच्या सुमारास, लोंबकळणाऱ्या तारा वाऱ्याने एकमेकींस घासून तोडणीला आलेला उसाचा एक फड पेटला, तेव्हा घागरी, बादल्या, फवारणीचा पंप, हाती लागेल ते घेऊन सारे गाव धावले. त्यांतला एक उत्साही तरुण जळत्या खांबावरच पाण्याचा फवारा धरणार, तोच एका वृद्ध शेतकऱ्याने त्याची गचांडी धरून मागे ओढले : ‘‘आरं लेकरा, लाईन चालू हाय की! आदी सबस्टेशनला फोन लाव.’’ फीडर बंद झाल्याची खात्री होईपर्यंत पाणी हा मित्र नव्हे, एवढे त्या एका हिसक्याने शिकविले. उसाविषयी आणखी एक. पेटते ते पाचट. कांडी बहुधा उभीच राहते, आणि तोड लवकर मिळाली तर कपात सोसून का होईना, कारखान्यात जाते. तेव्हा फडात शिरून जीव धोक्यात घालण्याजोगे तेथे काही नसते. वाऱ्याच्या खालच्या अंगाला, आगीपासून पुरेसे अंतर राखून, ट्रॅक्टरने पट्टा मोकळा करावा आणि माघारीची वाट आधी हेरून ठेवावी.

गोठ्याला वा कोठाराला आग लागली असता आत काय आहे हे मालकाला विचारल्यावाचून उंबरा ओलांडू नये. मुंबईच्या गोदीत 14 एप्रिल 1944 रोजी ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाच्या पोटात कापसाच्या गाठी आणि दारूगोळा एकत्र भरलेला होता. जहाजाला आग लागून झालेल्या स्फोटात अग्निशमन दलाचे कसलेले जवान गेले, आणि त्यांच्याच स्मरणार्थ आजही तो दिवस पाळला जातो. आपल्या कोठारात दारूगोळा नसेल, पण डिझेलचे कॅन, कीटकनाशके आणि गॅसची टाकी एकाच कोपऱ्यात नांदतात. हा गॅस हवेहून जड असल्यामुळे जमिनीलगत पसरतो. वास आला की बटणाला हात न लावता दारे-खिडक्या उघडाव्यात. गोठ्यात दावे सोडीत बसू नये, विळ्याने कापावे. अंगात सुती कपडे असावेत. नायलॉन वितळून कातडीला चिकटते. भाजलेल्या भागावर थंड पाणी वीस मिनिटे सोडावे आणि टूथपेस्ट लावणाऱ्या शहाण्यांना दूर सारावे.

स्वयंसेवकाचे खरे भांडवल मात्र धाडस नव्हे, माहिती होय. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंपाने सास्तूर, किल्लारी आणि आसपासची गावे जमीनदोस्त केली, तेव्हा बाहेरून आलेल्यांना दगडमातीचा ढिगारा तेवढा दिसत होता; त्याखाली माजघर कोठे, ओसरी कोठे आणि म्हातारी कोणत्या खोलीत निजत असे, हे शेजाऱ्यालाच ठाऊक असावयाचे. आगीतही तेच. म्हणून पथकातील एकाने दुसरे कोणतेही काम न करता केवळ घरातली माणसे मोजावीत, दुसऱ्याने बंबाला फाट्यावरून वाट दाखवावी आणि तिसऱ्याने बघ्यांच्या मोटारसायकली रस्त्यातून हटवाव्यात. या कामांना कोणी शाबासकी देत नाही, त्यामुळेच ती नेमून द्यावी लागतात.

आग विझल्यावर राख उपसण्याची घाई करू नये. तलाठी येऊन पंचनामा करीपर्यंत जागा आहे तशी ठेवावी, दगावलेले जनावर पशुवैद्यकीय अधिकाऱ्याने तपासण्यापूर्वी पुरू नये, नाहीतर नुकसानभरपाईचा अर्ज दप्तरातच अडकतो. आणि बनीम वरून काळी पडली तरी पोटात धुमसत असते, म्हणून ती पसरून, भिजवून, रात्री पाळीपाळीने राखणीला कोण बसणार, हे घरी जाण्यापूर्वीच ठरवावे.