इथिओपियाचें एक ताट

1610 सालीं खडकी, म्हणजे आजचें छत्रपती संभाजीनगर, वसविणारा मलिक अंबर मूळचा इथिओपियाचा. म्हणूनच त्यास हबशी म्हणत. त्या देशाची थोडी ओळख आज करून घेऊं.

तेथील एझाना राजानें चवथ्या शतकांत ख्रिस्ती धर्म स्वीकारिला. टेफ नांवाच्या अति बारीक धान्याचें पीठ आंबवून तेथील लोक धिरड्यासारखी मोठी 'इंजेरा' करितात. तिच्यावरच कालवण वाढून घरचे व पाहुणे एकाच ताटांत जेवतात, आणि प्रीतीनें एकमेकांस घांस भरवितात. त्यास 'गुर्शा' म्हणतात. मग पाहुण्यासमोर कॉफीच्या बिया भाजून तीन वेळां कॉफी देतात. तिसऱ्या वेळेचें नांव 'बरका', म्हणजे आशीर्वाद.

परंतु ज्या देशाचें ताट एक, त्याच देशांतून मलिक अंबर लहानपणीं गुलाम म्हणून विकला गेला! तेथें गुलामगिरी कायद्यानें बंद झाली ती 1942 सालीं. यावरून दिसतें कीं, चाल चांगली असून भागत नाहीं. ती अंतःकरणांत उतरली पाहिजे.

आतां आपणांकडे पाहूं. पांढरकवड्याच्या आसपासच्या मंडळ्यांत आपण प्रभूच्या मेजावर एका भाकरीचे भागीदार होतों; पण लग्नाच्या पंगतींत बसतांना पूर्वीच्या जातीची आठवण होते, हें लिहितांना आम्हांस दुःख वाटतें. येत्या प्रीतिभोजनाच्या दिवशीं, ज्याच्या घरीं आपण कधीं जेवलों नाहीं त्याच्याच शेजारीं बसून आपली ज्वारीची भाकर मोडूं या.