'व्यत्यय' आणि 'रुकावट' : दूरचित्रवाणीच्या बालस्मृती व बृहन्महाराष्ट्रातील ललितलेखन

मुंबई दूरदर्शनच्या पडद्यावर चित्र अडकले की एक पाटी येत असे. तिच्यावर एकच शब्द असे : 'व्यत्यय'. आज पन्नाशी-साठीत असलेल्या पुण्या-मुंबईच्या लेखकाने हा शब्द नुसता लिहिला तरी त्याच्या वाचकाला हसू येते. पुढचे वाक्य लिहिण्याची गरजच उरत नाही. त्याच वर्षांत इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील मराठी घरांत चित्र अडकले की 'रुकावट के लिए खेद है' अशी पाटी झळके. अडथळा तोच, खोलीतला वैतागही तोच. पण त्या दहा मिनिटांत मूल ज्या अक्षरांकडे टक लावून बसे, ती अक्षरे वेगळी होती.

लेखनाच्या दृष्टीने हा फरक किरकोळ नाही. आपल्याकडच्या नवलेखकांना 'बालपण आणि टीव्ही' या विषयावर लिहायला सांगितले की त्यांच्या लेखात पुष्कळदा 'व्यत्यय' येतो. ज्या घरात ती पाटी कधी दिसली नाही त्या घराच्या आठवणीतही येतो. कारण उघड आहे. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि या विषयावर मराठीत जे छापून आले ते बहुतांशी त्या केंद्राच्या प्रेक्षकांनी लिहिले. 'गजरा', 'किलबिल', 'चिमणराव' ही नावे दिवाळी अंकांतून इतकी फिरली आहेत, की ज्याने ती पाहिलीच नाहीत त्यालाही ती आपली वाटू लागतात. शिवाय मराठीत लिहायचे म्हणजे मराठी कार्यक्रमच आठवले पाहिजेत, असा एक न बोललेला समज असतो. त्या समजापायी स्वतःचे बालपण बाजूला ठेवून दुसऱ्याचे उसने आणले जाते. वहीतला असा लेख नीटनेटका असतो, शुद्ध असतो, आणि त्यात लिहिणाऱ्याचे घर नसते.

'नॉस्टॅल्जिया' हा शब्द मुळात वैद्यकातला. १६८८ साली बाझेल येथे योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधासाठी तो घडवला. घरी परतणे आणि वेदना अशा अर्थांचे दोन ग्रीक शब्द त्याने जोडले. घरापासून लांब गेलेल्या स्विस माणसांना जडणाऱ्या व्याधीला त्याला नाव हवे होते. मराठीत यासाठी 'स्मरणरंजन' आणि 'गतकातरता' असे दोन शब्द रुळले. पहिल्यात रंजन आहे पण वेदना नाही. दुसऱ्यात मन कातर होते, पण परतायचे घर नाही. मूळ शब्दातले घर दोन्हीकडून निसटले. पुण्यात बसून लिहिणाऱ्याचे त्यावाचून फारसे अडत नसेल. चार पिढ्या परभाषेच्या गावात राहिलेल्या कुटुंबातल्या लेखकाचे मात्र नेमके तिथेच अडते.

आधी जाहिरातींचे पाहू. दूरदर्शनवर त्या १ जानेवारी १९७६ पासून सुरू झाल्या. १९८२ मध्ये रंग आले आणि त्याच वर्षी राष्ट्रीय कार्यक्रमही आला. तेव्हापासून देशभरची मुले एकच साबण, एकच टूथपेस्ट, एकच बिस्किट एकाच चालीवर गुणगुणू लागली. म्हणूनच या आठवणींत एक धोका आहे : त्या सर्वांच्या आहेत. 'निरमा आठवते? लिज्जत आठवते? विको आठवते?' असे विचारत गेलेला लेख प्रत्येक नावाला होकार मिळवतो आणि दहा नावांनंतर संपतो. वाचकाने आपल्याच आठवणी काढल्या, लेखकाने फक्त यादी वाचली. जाहिरातीचे गाणे अवतरणात उतरवूनही काही साधत नाही. ज्याला चाल ठाऊक आहे तो ती मनात म्हणतो. ज्याला ठाऊक नाही त्याच्यासमोर साबणाची स्तुती तेवढी उरते.

मग लिहायचे काय? त्या जाहिरातीचे घरात काय झाले, ते. सर्फच्या 'ललिताजी'चेच उदाहरण घेऊ. निळ्या काठाच्या साडीची वगैरे वर्णने पुष्कळांनी केली आहेत. माझ्या वर्गातल्या एका मुलीने मात्र आजोळची गोष्ट लिहिली. भाजीवाल्याशी घासाघीस करणाऱ्या मामीला सगळे 'ललिताजी' म्हणत आणि मामीला ते मुळीच खपत नसे. आपल्याला चिकट ठरवतात असे तिला वाटे. आता गंमत पाहा. ती मोहीम आली तीच मुळी निरमाच्या कमी किमतीला उत्तर म्हणून. कविता चौधरी यांनी रंगवलेली ललिताजी भाजीचा भाव करते खरी, पण पावडर घेताना जास्त पैसे मोजते आणि त्याचे समर्थन करते. घराने तिचे समर्थन विसरून फक्त घासाघीस ठेवून घेतली. एका जाहिरातीचा एका मराठी कुटुंबाने लावलेला हा चुकीचा अर्थ लेखनाच्या कामाचा आहे. तो त्या मुलीशिवाय दुसऱ्या कोणाकडे नाही.

लिज्जत पापडाच्या जाहिरातीतला बोलका ससा सर्वांना आठवतो. तो शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांचा. 'अर्धवटराव' घडवणाऱ्या य. के. पाध्ये यांचे ते पुत्र. महाराष्ट्रात पाध्ये हे नाव अर्धवटरावांमुळे घरोघरी माहीत. बाहेरच्या कितीतरी मराठी मुलांना ससा ठाऊक होता आणि पाध्ये ठाऊक नव्हते. विकोचेही तसेच. केशव विष्णु पेंढरकरांनी १९५२ साली सुरू केलेला हा मराठी घरचा उद्योग, पण त्याची चाल आपल्या कानात बसली ती हिंदीत. मराठी माणसाने केलेली वस्तू मराठी घरात हिंदीतून आली आणि कोणाला त्याचे काही वाटले नाही. यात खंत करण्यासारखे आहे की मौजेचे, हे लेखकाने आपापले ठरवावे. मला स्वतःला मौज अधिक वाटते.

कार्टूनमध्ये सर्वांत समृद्ध उदाहरण 'जंगल बुक'चे. दर रविवारी सकाळी न्हाऊन-माखून सतरंजीवर बसलेल्या पिढीने हे कार्टून १९९३ पासून पाहिले. पुस्तक इंग्रजीतले, रड्यार्ड किपलिंगचे, १८९४ चे. त्यातले जंगल सिवनीच्या डोंगरांतले, म्हणजे आजच्या मध्य प्रदेशातले. चित्रमालिका जपानची, निप्पॉन अ‍ॅनिमेशनने १९८९ मध्ये केलेली, ५२ भागांची. हिंदी शीर्षकगीत गुलजारांचे, संगीत विशाल भारद्वाज यांचे. आणि शेरखानाचा हिंदी आवाज नाना पाटेकरांचा! इंदूरच्या एखाद्या वाड्यात ही सगळी भूगोलाची उलथापालथ अर्ध्या तासात होऊन जात असे. मुलाला वाघाची भीती वाटे. मागे आरामखुर्चीत बसलेल्या आजोबांना तो आवाज ओळखीचा असे. 'परिंदा' आणि 'प्रहार' येऊन गेले होते. ते म्हणत, 'अरे, हा तर आपला नाना.' एकाच सतरंजीवर एकाला वाघ दिसत होता आणि दुसऱ्याला गाववाला भेटत होता. या 'आपला' शब्दाला मुंबईत जे वजन आहे त्याहून इंदुरात अधिक आहे, आणि ते वजन शब्दाबाहेर जाऊन समजावून सांगावे लागत नाही. प्रसंग नीट मांडला की पुरते. शाळेच्या नकाशात सिवनी होते, ते जंगल आपल्याच राज्यातले आहे हे मात्र भूगोलाच्या तासाला कोणी सांगितले नाही, एवढे एक वाक्य शेवटी टाकले तर निबंधाचा ललितलेख होऊ शकतो.

इथे आपल्यापाशी एक मोठा धडा आधीच आहे : प्रकाश नारायण संतांच्या लंपनकथा. 'वनवास', 'शारदा संगीत', 'पंखा', 'झुंबर' या पुस्तकांतले जग दूरचित्रवाणीच्या आधीचे. पण सीमाभागातल्या, कानडीच्या सावलीत वाढलेल्या मुलाचे जग मराठीत कसे आणायचे, याचे उत्तर त्यांत आहे. संतांनी त्या मुलाची भाषा पुण्याच्या वाचकासाठी धुऊन-पुसून घेतली नाही. कानडी हेल, अर्धवट कळलेले शब्द, मोठ्यांच्या बोलण्याचे मुलाने लावलेले अर्थ, सारे जसेच्या तसे ठेवले. पुण्याच्या वाचकाचे त्यामुळे काही बिघडले नाही. उलट त्याने लंपनला घरात घेतले.

हीच गोष्ट संवादांना लागू आहे. टीव्हीच्या आठवणींत अँटेना हमखास येते. गच्चीवर एक जण, खिडकीत दुसरा, टीव्हीसमोर तिसरा. 'आलं का?' 'गेलं!' हा संवाद प्रत्येक लेखात असतो. पण इंदुरात गच्चीवरचा भाऊ ओरडतो, 'चित्र येऊन राहिलं आहे का?' बेळगावात तोच 'येऊलालंय काय?' असे विचारतो. शेजारच्या गच्चीवरून कोणी हिंदीत, कोणी कानडीत सल्ला देत असतो आणि त्याला त्याच्या भाषेत उत्तर मिळते. विद्यार्थी असे लिहितो आणि आपण शिक्षक लाल शाईने 'येतंय का?' करतो. निवेदनाची मराठी प्रमाण असावी, याविषयी माझा आग्रह आहे. परंतु अवतरणचिन्हांच्या आतली गच्ची ज्या गावातली आहे त्याच गावची राहू द्यावी.

आजच्या विद्यार्थ्यांचे बालपण याहून वेगळे. त्यांच्या घरी डोरेमॉन हिंदी बोलला. २००८ पासून 'छोटा भीम' आला. तो हैदराबादच्या ग्रीन गोल्ड संस्थेचा. हैदराबादच्या मराठी घरातले मूल आपल्याच शहरात तयार झालेले कार्टून हिंदीत पाहत होते, खाली अंगणात तेलुगू बोलत होते आणि आईशी मराठी. बांगलादेशात मुले बंगालीऐवजी हिंदी बोलू लागल्याच्या तक्रारींवरून २०१३ मध्ये हिंदी डोरेमॉनचे प्रक्षेपण बंद करण्यात आले. ती काळजी खोटी नव्हती आणि आपल्या घरांतही ती आहे. तरीही डोरेमॉन आपल्याला मराठीत आठवतो असे खोटे लिहून ती काळजी मिटणार नाही. हिंदीत पाहिलेले मराठीत सांगताना जी खटपट पडते, त्या खटपटीतच मराठीचा उपयोग होतो.

व्हिडिओ गेमविषयी मराठीत जवळजवळ कोणी लिहिलेले नाही. कार्टूनचा परवाना घेऊन केलेल्या खेळांचे तर नावही नाही. 'डकटेल्स'वरून कॅपकॉमने १९८९ मध्ये केलेल्या खेळात स्क्रूजकाका हातातल्या काठीवर टुणटुण उड्या मारत खजिना शोधतात. रविवारी टीव्हीवर नुसते पाहायचे ते इथे आपल्या बोटांनी हलते. आपल्याकडे अशा खेळाच्या डबीला सगळे 'कॅसेट' म्हणत. ती चालेना झाली की काढून फुंकर मारत. पडद्यावरचे इंग्रजी कोणी वाचत नसे. खेळाची भाषा मुलांनीच केली होती : 'माझ्या दोन लाइफ गेल्या', 'मी मेलो, आता तू'. आणि दिवेलागणीला स्वयंपाकघरातून आवाज येई, 'भरल्या सांजेला मेलो मेलो काय लावलंय!' जपानी कंपनीचा खेळ, अमेरिकन बदक, इंग्रजी अक्षरे. आणि वास्तू 'तथास्तु' म्हणते या भीतीने हात पुसत बाहेर आलेली आई. मुले मग 'मेलो'ऐवजी 'आउट' म्हणू लागत, तेही क्रिकेटमधून आणलेले. या एका शब्दबदलात त्या घराचे जेवढे कळते तेवढे शंभर खेळांच्या यादीत कळणार नाही.

वर्गात हा पाठ घेताना पुढील क्रम उपयोगी पडतो. पहिल्या दिवशी विद्यार्थ्यांनी घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाला विचारावे, की चित्र अडकल्यावर पडद्यावर काय लिहून येत असे. गोव्यात आणि बेळगावात घरोघर उत्तरे वेगळी येतील. ती जुळवू नयेत. दुसऱ्या दिवशी जाहिरात, कार्टून वा खेळ यांतून घरात आलेला आणि घराबाहेर कोणालाच न कळणारा एक शब्द शोधावा. टोपणनाव असेल, चेष्टा असेल, शिवीही असेल. तो पहिल्यांदा कोणी वापरला, कोणाला राग आला, कधी बंद पडला, हे दीड पानात लिहावे. कार्यक्रमाचे नाव लेखात एकदाच यावे. 'आठवते का?' हा प्रश्न एकदाही येऊ नये.