दुसऱ्याचं प्रॉडक्ट कॉपी करावं का? आफ्रिकेतल्या जंगली धावपट्ट्यांवरचा एक धडा



व्हिडिओंखाली सगळ्यात जास्त येणारा प्रश्न कोणता, तर हा: "सर, बाजारात एक मशीन जोरात चालतंय. उघडून बघितलं, अवघड काही नाही. तसंच बनवून थोडं स्वस्तात विकलं तर चालेल का?" कोणी पापड मशीनबद्दल विचारतं, कोणी कडबाकुट्टीबद्दल. याचं उत्तर एका शब्दात दिलं की कमेंटमध्ये भांडणं लागतात. म्हणून या वेळी मुद्दाम असा धंदा घेतलाय, जिथे नक्कल फसली तर माणूस जिवाला मुकतो, आणि तरीही नक्कल उघडपणे चालते. आफ्रिकेच्या दक्षिण भागात उडणारी छोटी विमानं. तिकडे या कामाला बुश फ्लाइंग म्हणतात, म्हणजे डांबरी रनवे नाही, टॉवर नाही, अशा माळावर विमान उतरवायचं आणि तिथूनच उडवायचं.

आधी गिऱ्हाइकाची गरज समजून घेऊ. व्हिडिओत हे मी घाईत सांगितलं होतं.

बोत्सवाना देशात ओकावांगो नदीचं मोठं पाणथळ खोरं आहे. तिथले टुरिस्ट कॅम्प बेटांवर आहेत, बऱ्याच ठिकाणी रस्ताच पोहोचत नाही. माउन गावाच्या विमानतळावरून छोटी विमानं माणसं आणि सामान पोहोचवतात. उतरायची जागा म्हणजे मातीची पट्टी. तिच्यावर हत्ती किंवा हरणं उभी असू शकतात, म्हणून पायलट आधी खालून एक चक्कर मारून पट्टी मोकळी आहे का बघतो. प्रवाशाला साधारण 15-20 किलोच सामान नेता येतं, तेही मऊ बॅगेत. चाकांची कडक सूटकेस छोट्या कप्प्यात बसत नाही.

पण खरी अडचण जनावरांची नाही, उन्हाची आहे. माउन समुद्रसपाटीपासून साधारण 940 मीटर उंचीवर आहे. हवा तापली की विरळ होते, पंखाला कमी उचल मिळते आणि इंजिनाचाही दम कमी होतो. 35 अंश तापमानाला तिथलं विमान जवळपास 1,900 मीटर उंचीवर असल्यासारखं वागतं. म्हणजे कळसूबाईच्या शिखराहूनही उंचावरून टेक-ऑफ केल्यासारखं. युरोपात थंड सकाळी छान उडणारं विमान इथे दुपारी पट्टी संपेपर्यंत जमीन सोडेलच असं नाही. तेच विमान, तोच पायलट, पण गिऱ्हाइकाची जागा बदलली.

आता इथल्या बाजाराचे दोन भाग आहेत. पैसे घेऊन प्रवासी न्यायचे असतील तर सरकारी सर्टिफिकेट असलेलं विमान लागतं. तिथे सेसना 206, सेसना कॅरॅव्हॅन, ऑस्ट्रेलियाचं एअरव्हॅन अशी नावं दिसतात. सेसनाची सरळ नक्कल करून कोणी या बाजारात सहज शिरत नाही. पत्रा वाकवता येत नाही असं नाही, पण सर्टिफिकेट मिळवायला वर्षं जातात आणि पैसा पाण्यासारखा लागतो.

दुसरा भाग म्हणजे स्वतःच्या वापराची हलकी विमानं. शेतमालक हजारो एकरांवरची कुंपणं आणि पाणवठे बघायला वापरतो. अभयारण्याचे रेंजर शिकारी शोधायला वापरतात. क्रूगर अभयारण्यात गेंड्यांच्या राखणीसाठी वापरलेलं बॅट हॉक असंच, न्यूझीलंडच्या बॅंटम विमानावरून दक्षिण आफ्रिकेत वाढवलेलं. यातली बरीच विमानं किट म्हणून मिळतात: खोक्यात पार्ट येतात, मालक शेडमध्ये जोडतो. इथे नियम सैल, प्रवेश सोपा. आणि जिथे प्रवेश सोपा, तिथे नक्कल आलीच.

यातलं गाजलेलं उदाहरण घेऊ. क्रिस हाइन्ट्झ नावाचे इंजिनिअर. फ्रान्समध्ये काँकॉर्डच्या कामावर होते, पुढे कॅनडात डी हॅविलँडमध्ये काम केलं, आणि 1974 मध्ये झेनएअर ही स्वतःची कंपनी काढली. 1980 च्या दशकाच्या मध्यावर त्यांनी सीएच 701 हे छोटं, दिसायला काहीसं बेढब विमान केलं. पंख जाड, आणि पंखाच्या पुढच्या कडेला एक पट्टी कायमची बसवलेली. त्या फटीतून येणारी हवा पंखाला चिकटून राहते, म्हणून अगदी कमी वेगातही विमान तरंगतं. हवा थंड आणि वजन हलकं असेल तर पन्नास मीटरच्या आत जमीन सोडतं. पत्रा सरळ, वळणं कमी, कारण ते घरी बनवायचं होतं. बेढबपणाचं कारण हे.

पण "घरी बनवता येईल इतकं सोपं" याचा दुसरा अर्थ काय? फॅक्टरीत नक्कल करता येईल इतकं सोपं. इटलीतल्या आयसीपी कंपनीचं सवाना हे विमान 701 वरूनच आलेलं. हाइन्ट्झ यांच्या कंपनीच्या मते ही परवानगीशिवाय केलेली नक्कल, आणि तसं त्यांनी ग्राहकांना जाहीरपणे सांगितलं. नाव बघा, सवाना, म्हणजे आफ्रिकेचा गवताळ माळ. डिझाईन कॅनडातलं, कारखाना इटलीतला आणि नाव आफ्रिकेचं! विमान मात्र चाललं. आज दक्षिण आफ्रिकेच्या फार्मवर दोन्ही विमानं दिसतात.

इथे बरेच जण म्हणतील, बघा सर, नक्कल करणारा जिंकला. थोडं थांबा. सवानावाल्यांनी नंतर काय केलं ते बघा. पंख लांब केला. पंख लांब झाला की मुळाशी वाकवणारा जोर वाढतो, मग आतली मुख्य तुळई, रिवेट, जोड, सगळा हिशोब नव्याने. पुढच्या एका मॉडेलमध्ये त्यांनी पुढची पट्टीच काढून टाकली आणि पंखावर छोट्या पातींची रांग लावली. त्या पाती हवेत बारीक भोवरे करतात आणि पट्टीचं बरंचसं काम कमी अडथळ्यात होतं. वेग वाढला. माझ्या मते नक्कल इथे संपली आणि इंजिनिअरिंग सुरू झालं. मापं उचलणाऱ्याला ती पट्टी का आहे हे माहीत नसतं, म्हणून ती काढायची हिंमतही होत नाही. कारण कळलं की काढता येते.

आता मूळ कंपनीकडे काय उरलं ते बघा. अमेरिकेत मिझुरी राज्यात झेनिथ नावाने हाइन्ट्झ कुटुंबाचीच किटची कंपनी आहे. तिथे दोन दिवसांचं वर्कशॉप असतं. तुम्ही जायचं आणि स्वतःच्या हाताने विमानाची मागची उभी सुकाणूपाती, म्हणजे रडर, बनवायची. ती घरी घेऊन जायची. जमलं तर बाकीचं किट घ्या. विचार करा, दोन दिवसांत गिऱ्हाइकाची भीती गेली, आणि घरी भिंतीला टेकवून ठेवलेला तो रडर रोज कंपनीची आठवण करून देतो. पत्रा कापून याची नक्कल होत नाही.

मूळ कंपनी म्हणजे देव, असंही समजू नका. त्यांच्याच सीएच 601 एक्सएल या दुसऱ्या मॉडेलची काही विमानं हवेतच मोडली, माणसं गेली. 2009 च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या अपघात तपास मंडळाने ही विमानं उडवणं थांबवा असं सांगितलं. पुढे पंख मजबूत करण्याचे बदल आले आणि मालकांना ते करावे लागले. हे वाचताना माझ्या डोक्यात एकच प्रश्न आला. समजा यातलं एखादं विमान नकलेचं असतं, तर त्या मालकाला पत्र कोण पाठवणार होतं? मूळ कंपनीच्या यादीत त्याचं नाव नाही. नक्कल करणाऱ्याकडे मूळ हिशोबाचा कागद नाही, त्यामुळे नेमकं कुठे जाड करायचं हे त्याला सांगता येणार नाही. तुमच्या पापड मशीनचा शाफ्ट तुटला तर जीव जाईलच असं नाही. पण फोन तुम्हालाच येणार, आणि शाफ्ट 25 मिलिमीटरचाच का, हे तुम्हाला माहीत नसेल तर तुम्ही अंदाजाने 30 चा घालणार. मग बेअरिंग बदलणार, मग हाउसिंग. मार्जिन तिथे जातं.

आणखी एक साखळी पटकन बघू. दक्षिण आफ्रिकेत बनणारं बुशबेबी हे विमान अमेरिकेच्या किटफॉक्सच्या घराण्यातलं. किटफॉक्स स्वतः 1984 चं, त्याच्या आदल्या वर्षी आलेल्या एव्हिड फ्लायर या विमानावरून केलेलं, आणि करणारा माणूस एव्हिडच्या डिझायनरचा आधीचा भागीदार. या धंद्यात "मूळ" शोधायला गेलात तर हात लावाल ते विमान कोणाचं तरी पोर निघतं.

मला सगळ्यात आवडणारी गोष्ट एअरव्हॅनची. ऑस्ट्रेलियाच्या गिप्सलँड भागातले दोघे जण सुरुवातीला विमानांची दुरुस्ती आणि बदल करायचे. फवारणीची पायपर पॉनी विमानं त्यांच्या हाताखालून गेली. त्या अनुभवातून त्यांनी स्वतःचं फवारणीचं विमान केलं, ज्यात पॉनीची छाप स्पष्ट दिसते, पण सर्टिफिकेट त्यांनी स्वतःच्या हिशोबावर मिळवलं. मग एअरव्हॅन आलं, अगदी वेगळं, आठ सीटचं. पहिलं उड्डाण 1995, सर्टिफिकेट 2000. ओकावांगोच्या पट्ट्यांवर ते प्रवासी नेऊ लागलं. 2009 मध्ये आपल्या मुंबईच्या महिंद्राने या कंपनीचा 75.1 टक्के हिस्सा घेतला. दुरुस्ती करणाऱ्याला माल कुठे तुटतो ते आधी कळतं, आणि त्या माहितीला किंमत आली. (2020 मध्ये उत्पादन थांबलं, तोही इतिहास आहे. चांगलं प्रॉडक्ट म्हणजे कायमचा नफा असं कोणी लिहून दिलेलं नाही.)

आता कायद्याचं, कारण त्याशिवाय तुम्ही सोडणार नाही. आपल्याकडे पेटंट अर्जाच्या तारखेपासून 20 वर्षं चालतं आणि फक्त भारतात घेतलेलं पेटंटच भारतात लागू होतं. बाहेरचं रूप वाचवायला डिझाईन रजिस्ट्रेशन असतं, 10 वर्षं आणि वाढवून आणखी 5. पण अर्जाआधी ते रूप बाजारात किंवा इंटरनेटवर आलं असेल तर नोंदणी टिकत नाही. म्हणजे नवीन मशीनचा व्हिडिओ आधी टाकला आणि अर्ज नंतर केला, तर स्वतःच्याच पायावर धोंडा. रजिस्टर करता येण्यासारखं डिझाईन न करताच 50 हून जास्त नग बनवले, तर त्यावरचा कॉपीराइटही जातो. दक्षिण आफ्रिकेतही 1983 पासून कायदा असा आहे की बाजारात आलेल्या उपयोगाच्या वस्तूचं रूप पुन्हा बनवलं म्हणून कॉपीराइट मोडला असं सहसा होत नाही. नाव आणि लोगो मात्र वेगळी गोष्ट. ट्रेडमार्क दर 10 वर्षांनी वाढवत राहिलं की संपत नाही, आणि कोणाच्या नावाशी मिळतंजुळतं नाव लावणं म्हणजे नोटीस घरी बोलावणं. ठरवण्याआधी पेटंट, डिझाईन आणि ट्रेडमार्क तिन्हींचा शोध घ्या, आणि चार पैसे देऊन वकिलाला दाखवा.

गृहपाठ. जे मशीन बनवायचं डोक्यात आहे, त्याचा एकेक पार्ट वहीत उतरवा आणि समोर लिहा की तो तसाच का आहे. जिथे लिहिता येत नाही तिथे गोल करा. मग ते मशीन वापरणाऱ्या तिघांकडे जा आणि विचारा, काय मोडतं, कधी मोडतं, कोण दुरुस्त करतं. तुमच्या वहीत किती गोल आले ते कमेंटमध्ये टाका, पुढच्या व्हिडिओत त्यातली दोन मशीनं घेऊन बसू.