सिझियम बेतानं

कुलाब्याच्या पेलेट्रॉन-लिनॅक त्वरकावर जड आयनांची बीम वाढवून मागणारे पुष्कळ भेटतात. ती कुठे वाढते आणि कुठे हातची जाते, याबद्दलचे हे अनुभवाचे बोल.

१. पेलेट्रॉनला ऋण आयन लागतात. ते देणाऱ्या सोर्समध्ये थंड कॅथोडवर सिझियमचा पातळ थर बसतो. तापलेल्या आयनायझरवरून सुटलेले सिझियमचे आयन कॅथोडवर आदळतात, आणि तिथून उडणारे अणू या थरामुळे सहज ऋणभारित होतात. करंट पडला की नवशिक्याचा हात थेट सिझियमच्या ओव्हनकडे जातो. तापमान चढवल्याचा परिणाम दिसायला वेळ लागतो. तेवढ्यात तो आणखी चढवतो. मग सिझियम इन्सुलेटरवर बसतं आणि हाय व्होल्टेज ठिणग्या टाकू लागतं. एकदा चढवावं, चहा घेऊन यावं, मग मीटर बघावा.

२. नुसतं मूलद्रव्य बघू नये, रेणू बघावा. धातूरूप कॅल्शियमपासून ऋण आयन जेमतेम मिळतात. हायड्राइडची पावडर दाबून कॅथोड केला, तर तीन हायड्रोजन चिकटलेला आयन बऱ्यापैकी निघतो. पेलेट्रॉनच्या टर्मिनलमधल्या फॉइलवर तो फुटतो आणि कॅल्शियम पुढे जातं. पावसाळ्यात कुलाब्याच्या हवेत ही पावडर क्षणभरही उघडी ठेवू नये, ओलाव्यानं ती वाया जाते. आर्गॉन मागणाऱ्याला सरळ नाही म्हणावं. त्याचा टिकाऊ ऋण आयन होतच नाही.

३. लिनॅकबद्दल तक्रार आली की आधी मागे, पेलेट्रॉनकडे बघावं. ७ क्रायोस्टॅटमध्ये शिशाचा मुलामा दिलेले तांब्याचे २८ रेझोनेटर द्रव हेलियमच्या थंडीत अतिवाहक होऊन १५० मेगाहर्ट्झवर चालतात. एक आवर्तन जेमतेम ६.७ नॅनोसेकंदांचं. त्यातल्या नेमक्या क्षणी आयनांचा पुंजका पोहोचला तर धक्का पुरा मिळतो. जड आयनांच्या माऱ्यानं टर्मिनलची कार्बन फॉइल बदलत जाते, तिच्यातून जाताना खर्च होणारी ऊर्जा बदलते आणि पुंजक्याची वेळ सरकते. पॅनेलवर मात्र फेज बिघडलेली दिसते. रेझोनेटरशी झटत बसण्यापेक्षा फॉइल बदलणं स्वस्त.

४. फॉइलमधून निघालेल्या आयनांचा चार्ज जास्त निवडला तर तेवढ्याच व्होल्टेजवर ऊर्जा जास्त, पण त्या चार्जच्या वाट्याला येणारी बीम बहुधा कमी. ऊर्जेसाठी अडून बसलेले काउंट रेट बघून नरमतात.

५. रेझोनेटर कमाल फील्डच्या थोडा खालीच चालवावा. कंपनांनी फ्रीक्वेन्सी हलली तरी फेजचं लॉक सावरायला जागा राहते, आणि रात्रपाळीला झोपाळू डोळ्यांनी २८ नॉब फिरवावे लागत नाहीत.