भिंतीतील पोकळी आणि गिलावा

लॉरी बेकर (१९१७–२००७) यांनी केरळात रुजविलेल्या ‘रॅट ट्रॅप बाँड’ या बांधणीत वीट आडवी न ठेवता कडेवर उभी लावतात. त्यामुळे भिंतीच्या पोटात हवेची पोकळी राहते, उष्णता आत सावकाश येते आणि सुमारे २५ टक्के विटा वाचतात. वीट तीच, थापी तीच. विटा मात्र एकसारख्या हव्यात. तरीही ही रीत सर्वत्र का पसरली नाही? आमच्या मते मोठी अडचण गिलाव्याची आहे. बेकर भिंती बहुधा उघड्याच ठेवीत. ज्यांच्या पिढ्या कुडाच्या घरात गेल्या, त्यांना असे घर अर्धवट वाटते. गुळगुळीत भिंत ही त्यांच्या प्रतिष्ठेची खूण आहे. या भावनेला अडाणीपणा म्हणणे आम्हांस मान्य नाही. गिलावा केला तरी आतली पोकळी राहतेच. खर्च तेवढा वाढतो.