केस गळू लागले की आधी कालनिर्णय बघा

पोरीहो, कंगव्यात गुंतवळ वाढलं की तुमचा हात तेलाच्या बाटलीकडे जातो. माझी उभी नोकरी बाळंतिणींच्या वॉर्डात गेली, म्हणून सांगते, आधी भिंतीवरचं कालनिर्णय बघा. केस आज गळतो, पण त्याचं कारण बहुतेकदा दोन-तीन महिने मागं असतं. मुळाशी वाढ थांबलेला केस सुटून हातात यायला तेवढा वेळ जातो. तेव्हा मागं मोजा: बाळंतपण, डेंगू-टायफॉइडचा ताप, ऑपरेशन, उपास करून भरभर उतरवलेलं वजन, बंद केलेली पाळणा लांबवायची गोळी.

मग गळलेला केस उजेडात धरा. टोकाला पांढरा बारीक दाणा दिसला तर तो मुळापासून आलाय, नसेल तर मधेच तुटलाय. दर्यापूर, अकोट, तेल्हाऱ्याचा आपला खारपाणपट्टा. बोअरच्या पाण्यानं केस राठ होतो अन् तुटतो. शेवटचे दोन तांबे गोड्या पाण्याचे घेतले तर फरक पडतो. पण दाण्यासकट येणारा केस पाण्यावर ढकलून मोकळं होऊ नका.

लेकरू ओळखायला लागलं की मायचे केस जातात, असं जुन्या बाया म्हणत. काळ त्यांनी बरोबर धरला होता. पोटुशी असताना अंगात इस्ट्रोजेन चढलेलं असतं. एरवी रोज गळणारे पन्नास-शंभर केसही तेव्हा डोक्यावरच थांबतात, वेणी भरते. बाळंतपणानंतर इस्ट्रोजेन एकदम उतरतं, अन् थांबलेले सारे केस तिसऱ्या-चौथ्या महिन्यात एकदम निघतात. अमरावतीचा डफरीन दवाखाना असो की अकोल्याचा लेडी हार्डिंग, या तक्रारीचा काळ ठरलेला. यात टक्कल पडत नाही. कपाळाच्या कडेला बोटभर नवे केस उभे दिसू लागले की समजायचं, गाडी रुळावर आली. सरकारी दवाखान्यातली लोहाची गोळी सोडू नका. चहासोबत घेऊ नका, लिंबाच्या पाण्यासोबत घ्या. जवारीची भाकर, डाळ, अंडं, अळिवाचा लाडू पोटात जाऊ द्या. वर्ष उलटूनही गळती थांबली नाही, तर रक्त तपासा.

तपासायचं काय? हिमोग्लोबिन, फेरिटिन म्हणजे लोहाचा साठा, अन् थायरॉइडसाठी टीएसएच. थायरॉइड कमी असो की जास्त, दोन्हीत केस गळतात, अन् बायांमध्ये हे दुखणं फार. थायरॉइड कमी निघून गोळी लागली तर ती सकाळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्यासोबत. चहा अर्ध्या-पाऊण तासानं, लोह अन् कॅल्शियम चार तासांनी. केसांसाठी बायोटिन खात असाल तर रक्त द्यायच्या दोन-तीन दिवस आधी डॉक्टरांना विचारून थांबवा, त्यानं थायरॉइडचा आकडा चुकीचा येतो.

पाळी दोन-दोन महिने लांबते, हनुवटीवर केस येतात अन् भांग रुंद होत चाललाय, तर तो पीसीओएस असू शकतो. पुरुषी हार्मोन जास्त झालेलं असतं. तिथं डोक्याला चोळण्याआधी पाळीचा इलाज अन् वजन. वजन थोडं उतरलं तरी पाळी रुळावर यायला मदत होते. पाळी जाण्याच्या वयातही भांग असाच विरळ होतो. त्याची लाज धरू नका, डॉक्टरांना दाखवा.

आता पोरांचं. टेस्टोस्टेरॉनपासून डीएचटी तयार होतं, अन् ज्याच्या मुळांना ते सोसत नाही त्याचा केस दर वेळी आधीपेक्षा बारीक उगवतो. मुळं कशी, ते आईबाप दोघांकडून येतं. अमेरिकेत हॅमिल्टन या संशोधकानं 1942 मध्ये दाखवलं, की वयात येण्याआधीच वृषण काढलेल्यांना टक्कल पडत नाही. त्यांना टेस्टोस्टेरॉन दिलं की घराण्यात टक्कल असलेल्यांना ते पडू लागतं. टोपीनं किंवा रोज डोकं धुतल्यानं हे होत नाही. डोक्याला मिनॉक्सिडिलचं औषध लावलं तर पहिले काही आठवडे गळती वाढते, तेव्हाच पोरं बाटली टाकून देतात. चार-सहा महिने नेमानं लावा; सोडलं की फायदाही जातो. फिनास्टेराइडची गोळी डीएचटी कमी करते, पण काहींची कामेच्छा मंदावते, मनही खचतं, म्हणून डॉक्टरांशिवाय नको. पोटुशीनं तिचा चुराही हाताळू नये. ही गोळी घेणाऱ्यानं सोडल्यावर महिनाभर रक्तदान करू नये.

हार्मोनची गळती अशी उमजून येणारी असते. पण 2024 च्या डिसेंबरात शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड इकडं निराळंच झालं. आधी डोकं खाजलं, मग चार दिवसांत मूठमूठ केस गेले, लहान लेकरांचेही. आधी पाण्यावर संशय गेला. पुढं डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्या तपासणीत लोकांच्या अंगात सेलेनियम फार वाढलेलं अन् जस्त कमी दिसलं, अन् त्यांनी रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवलं. पुष्कळांचे केस परतही आले. म्हणून एका घरात, एका गल्लीत एकदम अनेकांचे केस जाऊ लागले, तर हार्मोन शोधत बसू नका. त्याच दिवशी आशाताईला कळवा, अन् खात असलेल्या गव्हाचे दोन मुठी दाणे कोरड्या पिशवीत बांधून त्यावर दुकान अन् तारीख लिहून ठेवा. तपासायला तेच लागतात.