सहामाही हिशेब

(वर्षाच्या सुरुवातीला संकल्प करणे सोपे असते. अर्ध्या वाटेवर थांबून तो तपासणे अवघड असते. वर्षभर सायकल चालवणाऱ्या एका माणसाने आपला संकल्प कसा तडीस नेला, ते या पाठात सांगितले आहे.)

सहामाही परीक्षा संपली, की आपल्या हाती प्रगतिपुस्तक येते. कोणत्या विषयात किती गुण मिळाले, ते आपण पाहतो. कोणी खूश होतो, तर कोणी नाराज होतो. शहाणा विद्यार्थी मात्र आणखी एक गोष्ट पाहतो. वार्षिक परीक्षेला अजून किती महिने बाकी आहेत, ते तो मोजतो.

सायकल चालवणाऱ्यांचेही असेच असते. अनेक हौशी सायकलस्वार जानेवारी महिन्यात एखादा संकल्प करतात. कोणी म्हणतो, "या वर्षात मी दोन हजार किलोमीटर सायकल चालवीन." कोणी म्हणतो, "समोरचा घाट मी पाय न टेकता चढेन." काही जण जाड टायरांची सायकल घेऊन डोंगरातल्या दगडधोंड्यांच्या वाटेने जातात. ते म्हणतात, "ती अवघड उतरण मी या वर्षी न पडता पार करीन." हे लोक वहीत रोजची नोंद ठेवतात. जून महिना संपला, की वही उघडून सहामाही हिशेब करतात. किती झाले? किती राहिले? उरलेल्या दिवसांत ते कसे पुरे करायचे?

हा हिशेब किती उपयोगाचा असतो, हे टॉमी गॉडविन यांच्या गोष्टीवरून समजते.

टॉमी गॉडविन यांचा जन्म १९१२ साली इंग्लंडमधील स्टोक-ऑन-ट्रेंट या शहरात झाला. घरची माणसे पुष्कळ आणि कमाई थोडी. म्हणून टॉमी लहानपणीच एका दुकानात काम करू लागला. गिऱ्हाइकांच्या घरी सामान पोहोचवणे हे त्याचे काम होते. त्यासाठी दुकानातून त्याला एक जड सायकल मिळाली होती. तिच्यापुढे लोखंडी टोपली बसवलेली होती. टॉमीला शर्यतीत भाग घ्यायचा होता. पण दुसरी सायकल आणायची कोठून? अखेर ती टोपली करवतीने कापून काढली गेली. त्याच सायकलवर चौदा वर्षांच्या टॉमीने २५ मैलांची, म्हणजे सुमारे ४० किलोमीटरची शर्यत जिंकली. त्याला ६५ मिनिटे लागली.

त्या काळी इंग्लंडमध्ये एक अनोखी स्पर्धा प्रसिद्ध होती. एका वर्षात सर्वांत जास्त अंतर सायकलने कोण कापतो, अशी ती स्पर्धा होती. १९११ साली एका सायकलविषयक साप्ताहिकाने ती सुरू केली होती. १९३६ साली वॉल्टर ग्रीव्ह्ज यांनी ४५,३८३ मैल सायकल चालवून विक्रम केला. ग्रीव्ह्ज यांना एकच हात होता! पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियाचे ऑसी निकोल्सन यांनी तो विक्रम मोडला. त्यांनी ६२,६५७ मैल अंतर कापले. म्हणजे रोज सरासरी १७२ मैल. एक मैल म्हणजे सुमारे १.६ किलोमीटर. त्या हिशेबाने हे अंतर रोज सुमारे २७५ किलोमीटर होते.

निकोल्सन यांचा विक्रम मोडण्याचा संकल्प गॉडविन यांनी केला. १ जानेवारी १९३९ रोजी ते सायकलवर बसले. त्याच दिवशी आणखी दोन इंग्रज सायकलस्वारांनीही हाच संकल्प करून सुरुवात केली. त्यांतील एकाला अपघात झाला. ९३९ मैलांवरच त्याचा प्रवास थांबला. दुसरे, बर्नार्ड बेनेट, वर्षभर गॉडविन यांच्याशी झुंजत राहिले.

गॉडविन यांची सायकल आजच्यासारखी हलकी नव्हती. पोलादाच्या त्या सायकलचे वजन सुमारे १४ किलो होते. तिला फक्त चार गिअर होते. गॉडविन शाकाहारी होते. पाव, दूध, अंडी आणि चीज हा त्यांचा आहार होता. रोज किती मैल झाले, याची नोंद ते कार्डावर करत आणि त्यावर साक्षीदाराची सही घेत. आपणच सांगायचे आणि लोकांनी खरे मानायचे, असा तेथे कारभार नव्हता.

पहिले दोन महिने गेले. हिशेब पाहिला, तर गॉडविन मागे पडले होते! दोन वर्षांपूर्वी याच दिवसांत निकोल्सन यांनी जितके अंतर कापले होते, त्यापेक्षा गॉडविन यांचे अंतर ९२२ मैलांनी कमी भरले. म्हणजे पाच दिवसांहून अधिक दिवसांची मजल कमी पडली होती.

असे का झाले असेल? भूगोलाची आठवण करा. ऑस्ट्रेलिया दक्षिण गोलार्धात आहे. तेथे जानेवारी आणि फेब्रुवारी हे उन्हाळ्याचे महिने असतात. दिवस मोठे असतात. इंग्लंडमध्ये त्या वेळी कडाक्याची थंडी असते. रस्त्यांवर बर्फ असतो आणि दुपार सरताच अंधार पडू लागतो. दोघांच्या नोंदींत महिना एकच होता. पण ऋतू वेगळा होता. म्हणून दुसऱ्याच्या नोंदीशी आपली नोंद ताडून पाहताना त्याची परिस्थितीही पाहावी लागते. ती न पाहता आपण स्वतःला नालायक ठरवले, तर तो हिशेब खोटा ठरतो.

आता आणखी एक गणित करून पाहू. ९२२ मैल हा आकडा फार मोठा वाटतो. पण फेब्रुवारी संपला, तेव्हा वर्षाचे ३०६ दिवस बाकी होते. ९२२ ला ३०६ ने भागले, तर उत्तर येते सुमारे तीन. म्हणजे निकोल्सन यांच्यापेक्षा रोज फक्त तीन मैल जास्त गेले, तरी वर्षाच्या शेवटी दोघे बरोबरीला आले असते! मागे पडलेले अंतर एका आठवड्यात भरून काढायचे ठरवले, तर माणूस खचून जातो. तेच अंतर उरलेल्या सर्व दिवसांत वाटून घेतले, तर डोंगराची टेकडी होते.

गॉडविन यांनी तीन मैलांवर समाधान मानले नाही. हवा सुधारली, दिवस मोठे झाले, तशी त्यांनी रोजची मजल वाढवली. ते रोज दोनशे मैलांहून अधिक अंतर कापू लागले. २१ जून हा उत्तर गोलार्धातील सर्वांत मोठा दिवस. १९३९ सालच्या त्या दिवशी त्यांनी १८ तासांत ३६१ मैल, म्हणजे सुमारे ५८१ किलोमीटर सायकल चालवली. मुंबईहून पणजीला जाणारा रस्ता जवळजवळ इतकाच लांब आहे. वर्षभरातील त्यांची ही सर्वांत मोठी मजल होती. सहा महिने पुरे होण्यास तेव्हा नऊ दिवस बाकी होते. हिवाळ्यातील कमतरता त्यांनी उन्हाळ्यात भरून काढली.

पण उरलेले सहा महिनेही सोपे नव्हते. ३ सप्टेंबर १९३९ रोजी ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले. शत्रूच्या विमानांना गावे दिसू नयेत, म्हणून देशभर रात्री दिवे झाकले जाऊ लागले. सायकलच्या दिव्यालाही झाकण लावावे लागे. त्याचा उजेड जेमतेम समोर पडे. अशा काळोख्या रस्त्यांवरून गॉडविन पुढे जात राहिले. २६ ऑक्टोबर रोजी ते लंडनच्या ट्रॅफल्गार चौकात पोहोचले, तेव्हा त्यांचे अंतर ६२,६५८ मैल झाले होते. निकोल्सन यांचा विक्रम मोडला होता! वर्ष संपायला अजून दोन महिन्यांहून अधिक काळ बाकी होता. तरीही ते थांबले नाहीत. ३१ डिसेंबरला त्यांची बेरीज ७५,०६५ मैलांवर पोहोचली. हे अंतर १,२०,००० किलोमीटरहून जास्त आहे. पृथ्वीला विषुववृत्तावरून तीन फेऱ्या मारल्या, तर साधारण इतकेच अंतर होईल.

मे १९४० मध्ये, पाचशे दिवसांत, त्यांनी एक लाख मैल पूर्ण केले आणि मग ते सायकलवरून उतरले. शरीराने याची किंमत मोजली होती. नीट चालण्याची सवयही त्यांना पुन्हा करावी लागली. म्हणून या विक्रमाची नक्कल आपण करायची नाही. घ्यायची आहे ती त्यांची जिद्द आणि त्यांची हिशेबाची रीत. पुढे त्यांनी अनेक तरुण सायकलपटूंना मार्गदर्शन केले. १९७५ साली त्यांचे निधन झाले.

त्यांचा वर्षाचा विक्रम पंचाहत्तर वर्षांहून अधिक काळ टिकला. २०१६ साली तो प्रथम मोडला गेला. नंतर अमेरिकेच्या अमांडा कोकर या तरुणीने ८६,५७३ मैलांचा नवा विक्रम केला. २०११ साली सायकल चालवत असताना अमांडाला मोटारीची धडक बसली होती. तिच्या मेंदूला इजा झाली होती. त्यातून सावरून तिने हे यश मिळवले. तिचे वर्ष १ जानेवारीला नव्हे, तर १५ मे २०१६ रोजी सुरू झाले होते. संकल्पाचे वर्ष कोणत्याही दिवशी सुरू करता येते!

आता आपल्याकडे पाहू. समजा, तुम्ही वर्षात १,२०० किलोमीटर सायकल चालवण्याचे ठरवले. सहा महिन्यांनी वही पाहिली, तर फक्त ४०० किलोमीटर झाले होते. राहिले ८००. महिने उरले सहा. म्हणजे दर महिन्याला सुमारे १३३ किलोमीटर, रोज साडेचार किलोमीटर. शाळेत जाण्यायेण्यातच एवढे अंतर होत असेल, तर घाबरण्याचे कारण नाही. मात्र त्यात पावसाचे दिवस किती आणि परीक्षेचे किती, हेही मोजा. जमणार नसेल, तर संकल्प थोडा लहान करा. त्यात कमीपणा नाही. पण खोटी नोंद करू नका. चुकीच्या नोंदीवरून पुढची वाट ठरवता येत नाही.

प्रत्येक संकल्प किलोमीटरमध्येच मोजला पाहिजे, असेही नाही. घाट चढायचा असेल, तर आज कोणत्या वळणावर पाय टेकला, ते लिहा. जानेवारीत पहिल्या वळणावर उतरला असाल आणि जूनमध्ये चौथ्या वळणावर, तर माथा अजून दूर असला, तरी ती प्रगतीच आहे.

सहामाही हिशेब हा निकाल नसतो. तो वाटेवरचा मैलाचा दगड असतो. मागे किती राहिले, हे तो सांगतो; पण त्याच्या दुसऱ्या बाजूला पुढे किती बाकी आहे, तेही लिहिलेले असते.

शब्दार्थ

संकल्प – मनाशी केलेला पक्का निश्चय
हौशी – आवड म्हणून एखादी गोष्ट करणारा
उतरण – उताराची वाट
विक्रम – पूर्वी कोणी केली नाही अशी मोठी कामगिरी
सरासरी – एकूण संख्येला भागून येणारे मधले प्रमाण
मजल – एका दिवसात केलेला प्रवास
ताडून पाहणे – तुलना करून तपासणे
इजा – दुखापत
माथा – घाटाचा किंवा डोंगराचा वरचा भाग

वाक्प्रचार

तडीस नेणे – शेवटपर्यंत पूर्ण करणे
खचून जाणे – हिंमत हरणे
किंमत मोजणे – एखाद्या गोष्टीसाठी त्रास सोसणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) टॉमीने पहिली शर्यत कोणत्या सायकलवर जिंकली?
(२) निकोल्सन कोणत्या देशाचे होते?
(३) गॉडविन यांनी वर्षातील सर्वांत मोठी मजल कोणत्या दिवशी मारली?
(४) अमांडा कोकरचे वर्ष कधी सुरू झाले?

प्र. २. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(१) पहिल्या दोन महिन्यांत गॉडविन मागे का पडले असतील?
(२) ९२२ मैलांची कमतरता 'डोंगराची टेकडी' कशी होते?
(३) वहीत खोटी नोंद का करू नये?

प्र. ३. रिकाम्या जागा भरा.
(१) ऑस्ट्रेलिया ........ गोलार्धात आहे.
(२) गॉडविन यांनी एक लाख मैल ........ दिवसांत पूर्ण केले.

प्र. ४. पाठाखाली दिलेल्या वाक्प्रचारांचा स्वतःच्या वाक्यात उपयोग करा.

प्र. ५. हिशेब, बाकी, जिद्द, मजल, हिंमत, इजा हे शब्द उर्दूतून तुमच्या ओळखीचे आहेत. उर्दूत त्यांचा उच्चार आणि अर्थ काय आहे? मराठीत कोणता फरक झाला आहे? वर्गात सांगा.

उपक्रम : एक लहान संकल्प करा. पोहणे, वाचन, सायकल, काहीही चालेल. महिनाभर रोज नोंद ठेवा. पंधराव्या दिवशी हिशेब करा आणि उरलेल्या दिवसांचा बेत पाच वाक्यांत मराठीत लिहा.